फिट्स, जीन आणि औषधं: एकाला तारणारी गोळी दुसऱ्याच्या फिट्स का वाढवते?

वैदेही_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका जेनेटिक लॅबमध्ये रिपोर्ट वाचायचं काम करते, त्यात लहान मुलांच्या फिट्सच्या केसेस खूप असतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही, पण आईवडील रिपोर्ट हातात घेऊन "म्हणजे नक्की काय झालंय हो" असं विचारतात तेव्हा जे सांगायला वेळ पुरत नाही ते इथे निवांत लिहिते.

आपल्याकडे फिट आली, आकडी आली, मिरगी आहे, फेफरं येतं, सगळं एकाच खात्यात जमा होतं, आणि मग शेजारच्यांच्या मुलाला अमुक गोळीने बरं वाटलं म्हणून आपल्यालाही तीच हवी असा घरातून धोशा सुरू होतो. पण मेंदूत फिट कशामुळे सुरू होते याची कारणं ढीगभर आहेत. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला, डोक्याला मार लागला, मेंदूत जंताची गाठ झाली, स्ट्रोक झाला, आणि काही जणांत एखादं जीन बिघडलेलं असतं. जीनवाल्या फिट्समध्ये सुद्धा शेकडो वेगवेगळी जीन्स आहेत आणि प्रत्येकाचं गणित वेगळं.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते एससीएन१ए या जीनबद्दल, कारण त्याने फिट्सचं औषधच बदललं असं नाही, मेंदू कसा चालतो हेही त्यातून कळलं.

फ्रान्समधल्या मार्से शहरात शार्लोट ड्राव्हे नावाच्या डॉक्टर होत्या. १९७८ साली त्यांनी काही मुलांचं वर्णन लिहिलं. बाळ जन्मतः छान, वाढ वेळेवर, आणि पाच-सहा महिन्यांचं असताना तापात पहिली फिट. ती सुद्धा बऱ्याचदा शरीराच्या एकाच बाजूची, लांबलेली, आणि पुढच्या वेळी कदाचित दुसऱ्या बाजूची. एमआरआय नॉर्मल, सुरुवातीचा ईईजीही नॉर्मल, म्हणून सगळे म्हणतात तापाची फिट आहे, मोठा झाला की जाईल. मग वर्षभराने ताप नसतानाही फिट्स, झटके, दुसऱ्या वर्षापासून बोलणं-चालणं मागे पडायला लागतं. आज याला ड्राव्हे सिंड्रोम म्हणतात. कारण मात्र बावीस-तेवीस वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

२००१ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या टीमने अशा सात मुलांचं एससीएन१ए तपासलं आणि सातही जणांत बिघाड सापडला, आणि तो आईवडिलांत नव्हता. म्हणजे मुलातच नव्याने झालेला. याला आम्ही डी नोव्हो म्हणतो. ड्राव्हेच्या बहुतेक मुलांत असंच असतं. मला हे मुद्दाम ठळक सांगायचंय कारण आपल्याकडे रिपोर्टमध्ये जीन शब्द दिसला की लगेच "कोणाच्या घराण्यातून आलं" यावर सासर-माहेर सुरू होतं. बहुतेक वेळा कोणाच्याच घराण्यातून नाही आलेलं.

आता मजकुराचा गाभा. चेतापेशीत विजेचा संदेश तयार होतो तो सोडियम आत शिरल्यामुळे, आणि सोडियम आत घेणारी दारं म्हणजे सोडियम चॅनल. एससीएन१ए त्यातल्या एका चॅनलचं जीन आहे. याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची एक वडिलांकडची, त्यातली एक निकामी झाली की चॅनल निम्मीच बनतात. आता सरळ विचार केला तर चॅनल कमी म्हणजे वीज कमी, मग फिट्स कमी व्हायला हव्यात ना? उलट वाढतात. हे कोडं २००६ मध्ये सुटलं. सिएटलच्या विल्यम कॅटरॉल यांच्या लॅबने हाच बिघाड असलेले उंदीर तयार केले आणि एकेका पेशीचा सोडियम करंट मोजला. इतर पेशींना उद्दीपित करणाऱ्या पेशी जवळपास ठणठणीत होत्या, त्यांच्याकडे दुसरी सोडियम चॅनल आहेत. करंट पडला होता तो फक्त गाबा सोडणाऱ्या पेशींमध्ये, म्हणजे ज्या इतरांना शांत करतात त्या. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर जसाच्या तसा आणि ब्रेक निम्मा, असं काहीतरी.

आणि यातून औषधाचं कोडंही सुटलं. कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही नेहमीची औषधं सोडियम चॅनल दाबूनच काम करतात. बाकी लाखो लोकांना ती उत्तम लागू पडतात. ड्राव्हेच्या मुलात मात्र आधीच निम्मा असलेला ब्रेक ती आणखी कमजोर करतात, आणि फिट्स वाढतात. आधी डॉक्टरांना हे अनुभवाने दिसत होतं, आता कारण कळलं.

बरं, याच्या अगदी उलटं बघा. केसीएनक्यू२ नावाचं पोटॅशियम चॅनलचं जीन बिघडलं तर बाळाला जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच फिट्स येतात, आणि तिथे कार्बामॅझेपिन बऱ्याचदा खूप छान चालतं. दोन बाळं, दोघांनाही फिट्स, आणि एकच औषध एकाला हवं, दुसऱ्याला नको. म्हणून मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की ज्या बाळाला वर्षाच्या आत लांबलेल्या फिट्स येतायत आणि एमआरआयमध्ये काही सापडत नाही त्याच्या आईवडिलांनी न्यूरॉलॉजिस्टना जीन टेस्टबद्दल स्वतःहून विचारावं, कुणी सुचवायची वाट बघू नये.

प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगते.

---

जळगावकर_आई

वैदेहीताई, वाचताना हात थरथरत होते. माझा मुलगा ड्राव्हे आहे. आता शाळेत जातो, स्पेशल सेक्शनला.

तुम्ही लिहिलंय ते शब्दन्शब्द आमचं. पाचव्या महिन्यात पहिली फिट, फक्त उजवा हात आणि उजवा पाय, तोंड एका बाजूला ओढलेलं, अर्धा तास थांबेना. पुढची डाव्या बाजूची. नंतर एका ठिकाणी कार्बामॅझेपिन चालू केलं, डोस वाढवत गेलो तसे झटके वाढत गेले, आणि झटके वाढले म्हणून परत डोस वाढवला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण ते महिने मला आठवले की आजही झोप लागत नाही. नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांनी सगळी हिस्टरी ऐकून टेस्ट पाठवली आणि रिपोर्ट यायच्या आधीच म्हणाले की ही गोळी हळूहळू बंद करू. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम वर आणलं. बंद झाल्यावर फिट्स थांबल्या नाहीत, पण दिवसभराचे झटके गेले आणि पोरगं परत नजरेला नजर द्यायला लागलं.

जळगावचा उन्हाळा म्हणजे आमची परीक्षा. त्याला नुसतं अंग तापलं तरी फिट येते, ताप असायची गरज नाही. आंघोळ कोमट सुद्धा नाही, साध्या पाण्याने. एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर नाही, ओला पंचा मानेभोवती, आणि शाळेच्या दप्तरात थर्मामीटर.

एक विचारायचं होतं. त्याची पहिली फिट लस दिल्यानंतर त्याच रात्री आली होती. सासूबाई आजही म्हणतात लसीमुळे झालं. धाकटीला लस देताना घरात केवढं भांडण झालं सांगू. यात काही तथ्य आहे का?

---

डॉ_मिरज

जळगावकर ताई, या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर उपलब्ध आहे म्हणून मध्येच लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

ऑस्ट्रेलियात सॅम्युअल बर्कोविच आणि इनग्रिड शेफर यांच्या गटाने २००६ मध्ये अशाच १४ जणांचं जीन तपासलं, ज्यांचा मेंदूचा आजार लसीमुळे झाला असं समजलं जात होतं. १४ पैकी ११ जणांत एससीएन१ए चा बिघाड निघाला. म्हणजे आजार जन्माआधीपासून जीनमध्ये होताच. लसीनंतर थोडा ताप येतो आणि या मुलांना तापात फिट येते, त्यामुळे पहिली फिट त्या रात्री दिसली. लस दिली नसती तर पुढच्या सर्दी-तापात दिसली असती. नंतर त्याच गटाने पुढे जाऊन हेही पाहिलं की ज्यांची सुरुवात लसीच्या आसपास झाली आणि ज्यांची नाही, त्या दोन्ही गटांतली मुलं पुढे कशी राहिली, तर फरक नव्हता.

उलट गोवर, न्यूमोनिया अशा आजारात येणारा मोठा ताप या मुलांना फार धोक्याचा. लस द्यायची, आणि देताना तापाचं औषध कसं-कधी आणि इमर्जन्सी औषध कोणतं जवळ ठेवायचं हे आधी डॉक्टरांशी ठरवून घ्यायचं. सासूबाईंना सांगा की शंका चुकीची नव्हती, घटना खरंच एकामागोमाग घडल्या होत्या, फक्त कारण दुसरं निघालं.

---

जळगावकर_आई

डॉक्टर, खूप खूप आभार. हे मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

---

संदीप_चिंचवड

माहितीपूर्ण धागा. माझ्या बहिणीला चौदाव्या वर्षापासून फिट्स आहेत, सकाळी उठल्यावर हातातून कप उडायचा आणि रात्री जागरण झालं की मोठी फिट, डॉक्टर त्याला जेएमई, म्हणजे जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणतात. गोळीवर गेली कित्येक वर्षं एकही नाही. नोकरी करते, स्वतःच्या पायावर आहे. आता लग्नाचं बघतोय आणि जिथे सांगतो तिथे दुसऱ्या दिवशी नकार येतो, काहींनी तर तोंडावर विचारलं की मुलांना होईल का. आईचं म्हणणं आहे सांगूच नका. हे आनुवंशिक असतं म्हणजे नक्की किती असतं?

---

वैदेही_पुणे

संदीपदादा, ड्राव्हेसारखं एकच जीन आणि मोठा बिघाड असा प्रकार जेएमईत सहसा नसतो. त्यात बरीच जीन्स मिळून थोडा थोडा हातभार लावतात, प्रत्येकाचा परिणाम अगदी लहान. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने जवळपास ३० हजार रुग्ण आणि ५२ हजारांवर इतर लोक यांचे जीन्स ताडून पाहिले तेव्हा जीनोममध्ये २६ जागा सापडल्या, त्यातल्या १९ खास जनरलाइज्ड एपिलेप्सीच्या, म्हणजे ज्यात फिट मेंदूच्या दोन्ही बाजूंत एकदम सुरू होते, जेएमई त्यातच येते. त्यामुळे एक टेस्ट करून "मुलाला होईल" किंवा "होणार नाही" असं कुणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आईला किंवा वडिलांना असा आजार असेल तर मुलाला होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, पण बहुतेक घरांत ती काही टक्क्यांतच राहते. म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही.

त्याहून महत्त्वाचं, ती कोणती गोळी घेते ते बघा. व्हॅल्प्रोएट असेल तर लग्न ठरायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला, कारण ते गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं, पर्यायी औषधावर जायला वेळ लागतो आणि मनाने बंद तर अजिबात करायचं नाही.

---

डॉ_मिरज

संदीप, एक कायद्याची गोष्ट पण सांगून ठेवतो. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडेपणाच्या जोडीला लिहिलेले होते, त्यावरून लग्न मोडता यायचं. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द काढून टाकला. तरी लपवून लग्न करू नका असं मी प्रत्येक घराला सांगतो. लपवलं की मुलगी सासरी चोरून गोळी घेते, एखाद्या दिवशी चुकते, आणि जागरण, उपास, धावपळ त्या दिवसांत असतेच. जेएमईत झोप मोडणं हे फिट येण्याचं सगळ्यात मोठं कारण.

---

निनाद_एडिसन

न्यू जर्सीहून लिहितोय, भाचीला ड्राव्हे आहे, ती इथेच असते म्हणून गेली काही वर्षं हे जवळून बघतोय. इथे तिला कॅनाबिडिऑलचं (सीबीडी, गांजाच्या झाडातला एक घटक) औषध चालू आहे. २०१८ च्या जूनमध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, ते ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या फिट्सच्या दुसऱ्या अवघड प्रकारासाठी मंजूर केलं. त्याच वर्षी स्टिरिपेंटॉल पण इथे आलं, ते युरोपात २००७ पासूनच होतं. मग २०२० ला फेनफ्लुरामिन. या शेवटच्याची गोष्ट फार विलक्षण आहे, हे मूळचं वजन कमी करायचं औषध, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढलं होतं, आणि बेल्जियमच्या डॉक्टरांना दिसलं होतं की खूप कमी डोसमध्ये ते काही मुलांच्या फिट्स थांबवतं, त्यांनी ते चिकाटीने लावून धरलं. आजही ज्यांना देतात त्यांचा ठराविक काळाने टू-डी इको करावाच लागतो.

एक विनंती सगळ्यांना. कॅनाबिडिऑल वाचून ऑनलाइन सीबीडी तेल मागवू नका. औषधात मात्रा पक्की असते, तेलाच्या बाटलीत काय आणि किती आहे याची खात्री नसते. शिवाय ते क्लोबाझामबरोबर दिलं की क्लोबाझामचा असर शरीरात खूप वाढतो, भाचीला सुरुवातीला उभं राहवत नव्हतं इतकी गुंगी यायची, मग डॉक्टरांनी क्लोबाझामचा डोस उतरवला.

वैदेहीताई, जीन थेरपीबद्दल पण लिहा ना, आमच्या पेरेंट ग्रुपवर सध्या तीच चर्चा आहे.

---

वैदेही_पुणे

लिहिते. नेहमीची जीन थेरपी म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगलं जीन भरून पेशीत पोचवायचं. पण एससीएन१ए इतकं लांब आहे की त्या विषाणूत मावतच नाही. म्हणून दोन वेगळ्या वाटा शोधल्यात आणि दोन्ही फार हुशारीच्या आहेत.

एक वाट अशी की मुलाकडे दुसरी प्रत चांगली आहेच, तिच्याकडूनच जास्त काम करून घ्यायचं. कोणत्याही जीनवरून आधी आरएनए बनतो आणि मग प्रोटीन. एससीएन१ए चा बराचसा आरएनए पेशी स्वतःच फुकट घालवते, कारण त्यात एक नको असलेला तुकडा शिरतो आणि तो आरएनए नष्ट केला जातो. झोरेव्हुनर्सेन नावाचं औषध त्या तुकड्याच्या जागी चिकटून तो आत शिरू देत नाही. मग चांगल्या प्रतीपासून जास्त चॅनल बनतात. हे पाठीच्या कण्यातून, मणक्यांमध्ये सुई घालून देतात. तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू आहे, औषध अजून बाजारात नाही.

दुसरी वाट म्हणजे विषाणूत अख्खं जीन न भरता एक छोटा स्विच भरायचा, जो फक्त गाबा पेशींमध्येच चालू होईल आणि तिथल्या एससीएन१ए ला जोर देईल. त्या उंदरांच्या प्रयोगातून गाबा पेशी दोषी आहेत हे कळलं नसतं तर हा स्विच कुठे लावायचा हे कुणाला सुचलं असतं? म्हणून मला मूलभूत संशोधनाबद्दल इतकी आस्था आहे. २००६ मध्ये एकेका पेशीचा करंट मोजत बसलेल्या लोकांमुळे आज हा स्विच कोणत्या पेशींत चालू करायचा हे ठरतंय.

---

शीतल_मडगाव

आमची कथा वेगळ्या जीनची. मुलीला सकाळी उपाशीपोटी फिट्स यायच्या, खाल्लं की बरी, डोळे विचित्र फिरायचे, चालताना तोल जायचा. चार औषधं झाली. शेवटी पाठीतलं पाणी काढून साखर मोजली, रक्तातली नॉर्मल आणि पाण्यातली अगदी कमी. ग्लूट१ डेफिशियन्सी. एसएलसी२ए१ जीन. म्हणजे रक्तातून मेंदूत साखर नेणारं वाहन कमी, मेंदू उपाशी.

इलाज म्हणजे कीटो डाएट, कारण साखर जात नसली तरी चरबीपासून बनणारे कीटोन मेंदूत जातात आणि त्यावर मेंदू चालतो. ऐकायला सोपं वाटतं पण गोव्याच्या घरात शीत-कडी बंद करणं काय असतं ते मलाच माहीत. ग्रॅमच्या काट्यावर सगळं मोजायचं, तूप, खोबरेल, अंडं, पनीर, बांगडा, भाजीसुद्धा मोजून. आणि एक गोष्ट कुणी लवकर सांगत नाही, मुलांच्या सिरपमध्ये साखर असते! खोकल्याचं, तापाचं, अगदी फिटचं सिरप सुद्धा. टूथपेस्ट पण बघावी लागते. आम्ही गोळ्या कुटून देतो. पण दोन आठवड्यांत सकाळच्या फिट्स गेल्या. हे सगळं डाएटिशियन आणि डॉक्टरच्या देखरेखीतच करायचं हां, यूट्यूब बघून कीटो कुणी सुरू करू नका, काही आजारांत तो जिवावर बेततो.

---

वैदेही_पुणे

शीतल, तुझी पोस्ट मी माझ्या लॅबमधल्या सगळ्यांना वाचायला देणार. ग्लूट१ हे १९९१ मध्ये डी व्हिवो यांनी पहिल्यांदा ओळखलं. असाच दुसरा इलाज असणारा प्रकार म्हणजे एएलडीएच७ए१ जीन, त्यात बाळाला जन्मल्यापासून फिट्स आणि कोणतंही फिटचं औषध लागू पडत नाही, पण बी६ व्हिटॅमिन दिलं की थांबतात. साधं बी६! आयुष्यभर घ्यावं लागतं, पण मिळतं सगळीकडे आणि स्वस्त. ज्या नवजात बाळाच्या फिट्स आटोक्यात येत नाहीत त्याला बी६ देऊन बघायची पद्धत म्हणूनच आहे.

---

रमाकांत_कोल्हापूर

वाचत होतो गप्प, पण आता लिहितो. आमच्या भावकीत मामाच्या मुलीशी लग्नं पिढ्यान्पिढ्या होत आलीत. त्यातल्या एका घरी दोन भावंडं पंधराव्या वर्षापर्यंत अगदी हुशार, मग फिट्स, हातापायाला सारखे झटके, आणि हळूहळू ओळखसुद्धा गेली. दोघंही गेली. गावाने करणी, देवाचा कोप सगळं म्हणून घेतलं. हे जीनचं असू शकतं का हो?

---

डॉ_मिरज

रमाकांतकाका, फार वाईट वाटलं वाचून. निदान इथून करता येत नाही, पण तुम्ही सांगताय तसं लाफोरा नावाच्या आजारात होतं. पेशीत ग्लायकोजेनचे वेडेवाकडे गोळे साठतात, गोन्झालो लाफोरा यांनी ते १९११ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिले. जीन सापडायला १९९८ उजाडलं, दुसरं जीन २००३ ला. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये सुब्रमण्यम गणेश यांचा गट यावर बरीच वर्षं काम करतोय. हा आजार व्हायला आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. एकेक प्रत असलेले लोक पूर्ण निरोगी असतात, त्यांना कळतच नाही. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणून एका घरात दोन भावंडं.

नात्याबाहेर पण जातीत-पोटजातीतच लग्नं होत राहिली तरी हा प्रकार दिसतो. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. भीम सिंघल यांनी नव्वदच्या दशकात अग्रवाल समाजातल्या मुलांचा एक आजार मांडला, डोकं मोठं, चालणं हळूहळू बिघडतं, फिट्स येतात. नंतर एमएलसी१ जीन सापडलं आणि या समाजातल्या बहुतेक मुलांत तो एकच, एकाच पूर्वजाकडून आलेला बिघाड निघाला. आता एका साध्या टेस्टने वाहक कोण ते लग्नाआधी कळतं.

तुमच्या भावकीत त्या भावंडांची सख्खी भावंडं लग्नाची असतील तर त्यांनी जेनेटिक कौन्सेलरला एकदा जरूर भेटावं.

---

मृणाल_ठाणे

माझ्या वडिलांना पन्नाशीत फिट्स सुरू झाल्या आणि सीटीमध्ये गाठ निघाली, न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे मेंदूत जंताची गाठ. आम्ही तर शाकाहारी! म्हणजे आम्ही पण जीन टेस्ट करायची का?

---

डॉ_मिरज

नाही ताई, तुमच्याकडे कारण सापडलंय. डुकराच्या टेपवर्मची अंडी न धुतलेल्या भाजीतून, पाण्यातून, हातातून पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही होतो. आपल्या देशात फिट्सच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. स्ट्रोकनंतरच्या, अपघातानंतरच्या फिट्सलाही सहसा जीन टेस्ट लागत नाही.

एक जीन टेस्ट मात्र मोठ्या माणसांसाठी सांगून ठेवतो कारण ती आजाराची नसून औषधाची आहे. कार्बामॅझेपिन घेतल्यावर काही मोजक्या लोकांना पहिल्या एक-दोन महिन्यांत अंगावर फोड, तोंडात-डोळ्यांत जखमा, कातडी सोलून निघणं असं भयंकर होतं, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. २००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी दाखवलं की हे प्रतिकारशक्तीच्या एका जीनचा एचएलए-बी १५:०२ हा प्रकार असलेल्यांना जास्त होतं. २००७ मध्ये एफडीएने आशियाई वंशाच्या रुग्णांत हे औषध सुरू करण्याआधी टेस्टचा विचार करा असं सांगितलं, आणि भारतातल्या रुग्णांतही हा संबंध आढळलाय. प्रत्येकाची टेस्ट होत नाही हे खरं, पण गोळी नवीन असताना ताप आणि पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

---

जळगावकर_आई

डॉक्टर, इथे बरेच पालक वाचतायत, फिट आल्यावर काय करायचं ते पण तुम्हीच लिहा. आमच्याकडे अजून कांदा फोडतात, चप्पल हुंगवतात, दातात चमचा घालतात. माझ्या पोराचा एक दात असाच गेला.

---

डॉ_मिरज

कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा स्प्रे नाकात, आणि हॉस्पिटल. जमलं तर दुसऱ्या कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा, तो व्हिडिओ आम्हाला दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो, कोणती बाजू हलत होती, डोळे कुठे होते.

---

निनाद_एडिसन

वैदेहीताई, एक राहिलं. भाचीच्या रिपोर्टमधलाच बिघाड ग्रुपवरच्या दुसऱ्या एका मुलातही आहे, तो मुलगा तिच्यापेक्षा खूपच बरा आहे. असं कसं?

---

वैदेही_पुणे

कारण बाकीची जीन्स पण बोलतात. त्याच उंदरांत हे फार स्पष्ट दिसलं, तोच बिघाड एका जातीच्या उंदरात घातला तर बरेच जगतात, दुसऱ्या जातीत घातला तर फिट्स येऊन लवकर मरतात. मग पहिली फिट किती लांबली, चुकीचं औषध किती दिवस चाललं, याचाही वाटा असेलच. म्हणून रिपोर्टवरून मुलाचं भविष्य सांगायला आम्ही कचरतो.

---

संदीप_चिंचवड

शेवटचं विचारतो. ऑफिसमधल्या मित्राच्या मुलीची टेस्ट झाली होती, रिपोर्टमध्ये व्हीयूएस लिहिलंय, त्याला कुणी म्हणालं निगेटिव्ह, कुणी म्हणालं पॉझिटिव्ह. आता काय करायचं?

---

वैदेही_पुणे

दोन्ही नाही. व्हीयूएस म्हणजे बदल सापडलाय पण तो आजाराचा आहे की निरुपद्रवी हे ठरवायला आज पुरावा कमी आहे. त्यावरून औषध बदलायचं नाही, गर्भपाताचे निर्णय तर मुळीच नाही. पहिलं काम, आईवडिलांचं रक्त तपासलंय का ते बघा. नुसत्या मुलीची टेस्ट झाली असेल तर तिघांची मिळून करता येते. तोच बदल निरोगी वडिलांत निघाला तर बऱ्याचदा संशय कमी होतो, आणि दोघांतही नसून फक्त मुलीत असेल तर वाढतो. डी नोव्हो निघालं तरी पुढच्या गरोदरपणाआधी कौन्सेलिंग घ्याच, कारण क्वचित आईच्या किंवा वडिलांच्या काही बीजपेशींत तो बदल लपलेला असतो आणि रक्तात दिसत नाही.

दुसरं, एक्झोम टेस्टमध्ये (सगळ्या जीन्सचे प्रोटीन बनवणारे भाग एकदम वाचणारी टेस्ट) जीनचा अख्खा तुकडाच गायब असेल तर तो कधीकधी सुटतो. मुलीची लक्षणं हुबेहूब ड्राव्हेची असतील आणि काहीच सापडलं नसेल तर एमएलपीए नावाची वेगळी टेस्ट करतात, ती केलीये का विचारा.

तिसरं, रिपोर्ट दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर त्याच लॅबला रीअ‍ॅनालिसिस मागा. डेटा तिथे असतोच, रक्त पुन्हा द्यावं लागत नाही. मधल्या काळात नवीन जीन्स कळलेली असतात आणि जुन्या व्हीयूएसपैकी काहींचा निकाल लागलेला असतो. मागताना डॉक्टरांची चिठ्ठी, रिपोर्टचा नंबर आणि मुलीला त्यानंतर काय काय नवीन लक्षणं आली ते एका पानावर लिहून द्यायला सांगा, कारण आम्ही शोधतो ते लक्षणांवरूनच, आणि फॉर्मवर नुसतं "फिट्स" लिहून आलं की आमच्या हातात काहीच नसतं.